ताणाच्या डोकेदुखीवर सुया : दहा सिटिंगचा हिशेब

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पुण्यातल्या कोथरूड भागातील एका अ‍ॅक्युपंक्चर केंद्रात मी दहा सिटिंग घेतली. हा त्या दहा सिटिंगचा अनुभव आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रार येणार आहे आणि ती तक्रार त्या केंद्राने माझ्यासमोर मान्य करून दुरुस्तही केली आहे. शिवाय मला सांगायचे आहे ते त्या केंद्राविषयी कमी आणि या उपचाराकडून काय अपेक्षा ठेवावी याविषयी जास्त आहे.

मी मुद्रितशोधनाचे काम करते. वर्षातले आठ महिने पुस्तकांची मुद्रिते असतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर दिवाळी अंकांची, म्हणजे दिवसाचे नऊ-दहा तास मान खाली आणि नजर ऱ्हस्व-दीर्घावर. दुपारी तीनच्या सुमारास, मान जिथे कवटीला मिळते तिथे, एक जडपणा सुरू होतो, तो दोन्ही कानांवरून कपाळापर्यंत येतो आणि मग संध्याकाळभर डोक्याला कोणी ओला पंचा करकचून आवळून बांधला आहे असे वाटत राहते. ठणका लागत नाही, उलटी होत नाही, उजेड सहन होतो. भाजी चिरता येते, जिना चढता येतो, फक्त कशातच लक्ष लागत नाही, आणि ज्या बाईची पोळी लक्ष लागण्यावरच पिकते तिच्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

मेंदूविकारतज्ज्ञांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि ही अर्धशिशी नसून ताणाची डोकेदुखी आहे असे निदान केले. येथे ताण या शब्दाचा अर्थ मनावरचा ताण एवढाच घ्यायचा नाही. डोके, मान आणि खांदे यांच्या स्नायूंमधील हुळहुळेपणा हा या दुखण्याचा मोठा भाग असतो, आणि तज्ज्ञांनी कवटीच्या खालच्या कडेला अंगठा दाबताच मी खुर्चीतून जवळजवळ उठले, हाच त्यांच्या दृष्टीने पुरावा होता. सलग तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातले १५ किंवा त्याहून अधिक दिवस असे डोके दुखत असेल तर ते जुनाट समजतात. दुसरी गोष्ट त्यांनी अधिक गंभीरपणे सांगितली : साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस घेत राहिले तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते, आणि मी त्या मर्यादेच्या फार मागे नव्हते.

त्यांनी रात्री घेण्याची अ‍ॅमिट्रिप्टिलिनची १० मिलिग्रॅमची गोळी दिली. या दुखण्यात ते रूढ औषध आहे आणि स्वस्तही आहे. मी ते तीन आठवडे घेतले. तोंडाला कोरड पडे, आणि सकाळी अकरापर्यंत डोळ्यांवर अशी पेंग असे की एका लेखाच्या शीर्षकातलाच काना माझ्या नजरेतून सुटला. तज्ज्ञांच्या संमतीने गोळी थांबवली. मग त्यांनी चष्म्याचा नंबर तपासायला लावला, लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीला आणायला सांगितले आणि दुखण्याची वही ठेवायला लावली : तारीख, किती वेळ दुखले, दहापैकी किती, गोळी घेतली का. नवा चष्मा आला, लॅपटॉपखाली विश्वकोशाचे दोन जाड खंड गेले, आणि त्यानंतरच्या २८ दिवसांची वही मी न चुकता भरली. त्या २८ दिवसांत १७ दिवस डोके दुखले आणि १२ दिवस मी गोळी घेतली. अ‍ॅक्युपंक्चरचा विचार मी केला तो त्यानंतर. हा क्रम मी इतका बारकाईने सांगते आहे, कारण चष्मा, लॅपटॉप आणि सुया एकाच आठवड्यात सुरू केल्या असत्या तर श्रेय कोणाला द्यायचे हे मला कधीच कळले नसते.

केंद्र निवडताना मी एकच गोष्ट पाहिली. महाराष्ट्राने २०१५च्या कायद्याने या पद्धतीला मान्यता दिली आणि उपचारकांच्या नोंदणीसाठी महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषद स्थापन झाली. फेब्रुवारी २०१९मध्ये केंद्र सरकारनेही स्वतंत्र चिकित्सापद्धती म्हणून तिला मान्यता दिली. त्यामुळे उपचारकाची परिषदेकडे नोंदणी आहे का, हा प्रश्न आता कोणालाही सरळ विचारता येतो. मी फोनवरच विचारला. एका ठिकाणी ‘आमच्याकडे पंचवीस वर्षांचा अनुभव आहे’ असे उत्तर आले, दुसऱ्या ठिकाणी नोंदणी क्रमांक सांगितला गेला. मी दुसरीकडे गेले.

पहिली भेट तासाभराची होती. मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी तज्ज्ञांचा कागद वाचला, वहीतली २८ पाने खरोखर उलटून पाहिली, मग दोन्ही मनगटांची नाडी तीन-तीन बोटांनी बराच वेळ धरली आणि जीभ पाहिली. जिभेच्या कडा पाहून त्या म्हणाल्या, ‘ताई, यकृताचा जोर वर चढला आहे.’ माझ्या यकृताच्या चाचण्या दोन महिन्यांपूर्वीच व्यवस्थित आल्या होत्या, तसे मी म्हणाले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘ते यकृत वेगळे, हे वेगळे.’ हे उत्तर मला त्या क्षणी पळवाटेसारखे वाटले, पण नंतर विचार करता ते प्रामाणिक होते असे वाटते. आपल्याकडे वैद्याने पित्त वाढले म्हटले की आपण सोनोग्राफीत पित्ताशय शोधत नाही. चिनी वैद्यकातले यकृतही एक परिभाषा आहे. तिच्यातली ‘ची’ नावाची शक्ती आणि ती वाहून नेणाऱ्या वाहिन्या यांना शरीररचनाशास्त्रात आधार सापडलेला नाही. मला त्या परिभाषेवर श्रद्धा ठेवावी लागली नाही आणि मॅडमनी तशी अपेक्षाही केली नाही.

सुईविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण सुईच्या भीतीनेच पुष्कळ जण या उपचाराच्या वाटेला जात नाहीत. दंडावर लस टोचतात ती सुई साधारण ०.६ मिलिमीटर जाडीची, आतून पोकळ आणि टोकाशी तिरकी कापलेली असते. ही सुई भरीव पोलादी, ०.२५ मिलिमीटरची, हातात धरली तर वाकणारी, आणि वरच्या टोकाला तांब्याच्या तारेची बारीक गुंडाळी केलेली मूठ. प्रत्येक सुई निर्जंतुक पाकिटातून माझ्यासमोर निघाली. प्लास्टिकच्या एका बारीक नळीतून ती त्वचेवर टेकवतात, वर आलेल्या टोकावर बोटाने टिचकी मारतात, आणि टिचकीचा आवाज ऐकू येईपर्यंत सुई त्वचेच्या आत गेलेली असते. डास चावल्याइतकेही ते जाणवत नाही, निदान मानेवर नाही. हातावर जाणवते.

मला टेबलासमोर बसवून, कपाळ गुंडाळलेल्या टॉवेलवर टेकवायला सांगून, हात टेबलावर पालथे ठेवायला लावले. डोक्याच्या मधोमध एक, कवटीच्या खालच्या कडेला दोन्ही बाजूंच्या खळग्यांत दोन, मानेवर त्याखाली आणखी दोन, खांद्यांवर चार, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात प्रत्येक हातावर एक, आणि पायांच्या अंगठ्यांमागे एकेक, अशा तेरा सुया झाल्या. कवटीखालच्या खळग्यांना चिनीत फेंग-छी म्हणतात, बेचक्यातल्या बिंदूला हे-गू. सुई आत गेल्यावर मॅडम ती हलकेच फिरवतात आणि विचारतात, ‘आले का?’ काय यायचे आहे ते त्या आधी सांगत नाहीत. फेंग-छीला जे आले ते दुखणे नव्हते. मुंग्या नव्हेत आणि कळही नव्हे, तर खोल कुठेतरी एखादा जड पाट सरकावा तशी भावना होती, आणि ती हळूहळू कानामागून वर गेली, नेमकी माझ्या रोजच्या दुखण्याच्या वाटेने. या भावनेला ते ‘द-छी’ म्हणतात आणि ती आली तरच सुई लागली असे मानतात. हे-गूला मात्र हात झटकावासा वाटेल अशी विजेसारखी कळ आली आणि मी ‘आई गं’ म्हणाले.

त्यानंतर पंचवीस मिनिटे काहीही करायचे नसते. फोन बाहेर, चष्मा काढलेला, हातांत सुया असल्यामुळे नाकाला खाज आली तरी सोसायची. दिवाळी अंकांच्या हंगामात कोणी मला पंचवीस मिनिटे काहीही न करता बसवले, हेच मुळात औषध नव्हते ना, असा संशय मला तेव्हापासून आहे आणि तो पुढे दिलेल्या आकड्यांनी कमी झालेला नाही.

भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे छायाचित्र होते आणि खाली लिहिले होते की अ‍ॅक्युपंक्चर भारतात त्यांनी आणले. माझे माहेर कोटणीसांच्याच सोलापूरचे, तेव्हा छायाचित्र पाहून बरे वाटले, पण ओळ चुकीची आहे आणि मुद्रितशोधकाला गप्प बसवत नाही. कोटणीस १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, तिथे शल्यचिकित्सक म्हणून युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि डिसेंबर १९४२मध्ये तिथेच वारले. ही विद्या भारतात आणली ती त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू यांनी, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस, आणि तीही पुण्या-मुंबईत नव्हे तर कोलकात्यात. मी हे मॅडमना सांगितले. ओळ अजून तशीच आहे.

परिणाम मात्र लगेच आला नाही. पहिल्या दोन सिटिंगनंतर दुसऱ्या दिवशी मान उलट अधिक दुखली आणि एका खांद्यावर रुपयाएवढा काळानिळा डाग पडला, जो आठवड्याने गेला. तीन आठवडे वहीत काही फरक नव्हता. चौथ्या-पाचव्या सिटिंगच्या दरम्यान एका रविवारी लक्षात आले की गुरुवारपासून डोके दुखलेले नाही. उपचाराच्या शेवटच्या २८ दिवसांत, म्हणजे दिवाळी अंकांचे काम अगदी टिपेला असताना, ९ दिवस डोके दुखले आणि ४ दिवस गोळी लागली. नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या २८ दिवसांत ७, आणि या वर्षीच्या फेब्रुवारीत १०. ज्या दिवशी दुखले त्या दिवशी ते पूर्वीइतकेच दुखले, दहापैकी चार-पाच. दिवस कमी झाले, दुखणे सौम्य झाले नाही. ‘डोकेदुखी मुळापासून गेली’ असे सांगणारे लोक मला त्या केंद्राच्या बाकड्यावर भेटले, पण त्यांपैकी कोणाकडेही वही नव्हती.

माझ्या वहीवरही मी एका मर्यादेपलीकडे विश्वास ठेवत नाही. माणूस उपचाराला जातो तो दुखणे टिपेला पोचल्यावर, आणि टिपेला पोचलेली गोष्ट पुष्कळदा आपोआपच उतरते. म्हणून मोठे अभ्यास पाहावे लागतात. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा, ताणाच्या डोकेदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर या विषयावरचा आढावा २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १२ चाचण्या आणि २,३४९ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांना सुयांची जोड दिलेल्या गटात, सर्वांत मोठ्या चाचणीत, शंभरातल्या ४८ जणांची डोकेदुखी निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली, तर केवळ नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत १९ जणांची. एवढेच वाचले तर सुयांचा विजय वाटतो. पण दुसऱ्या तुलनेत काही रुग्णांना खऱ्या सुया आणि काहींना खोट्या, म्हणजे चुकीच्या जागी किंवा वरवर टोचलेल्या, सुया दिल्या, तेव्हा आकडे शंभरात साधारण ५१ आणि ४३ असे आले. फरक आहे, पण तो फार मोठा नाही. जुनाट ताणाच्या डोकेदुखीवर चीनमध्ये झालेली आणि २०२२मध्ये प्रसिद्ध झालेली २१८ रुग्णांची चाचणी याहून उत्साहवर्धक आहे : तिथे ‘द-छी’ येईपर्यंत सुई खोल घातलेल्या गटात १६व्या आठवड्यात ६८ टक्के लोकांना तसा फायदा झाला आणि वरवर टोचलेल्या गटात ४८ टक्के. वरवर टोचूनही जवळजवळ निम्म्यांना बरे वाटावे, हाच आकडा मला त्या चाचणीत सर्वांत बोलका वाटतो.

याचा अर्थ मी असा लावते की सुईचा स्वतःचा काही परिणाम आहे. सुईने मज्जातंतू चेतवले जातात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते, असे त्याचे स्पष्टीकरण देतात, आणि आवळलेल्या स्नायूत सुई गेल्यावर तो सैल होतो हे मी खांद्यावर प्रत्यक्ष अनुभवले. पण परिणामाचा मोठा वाटा त्या पंचवीस मिनिटांचा, लक्षपूर्वक ऐकण्याचा आणि बरे वाटेल या अपेक्षेचा असावा. रुग्ण म्हणून मला त्याचे वाईट वाटत नाही. गोळीचे १२ दिवस ४वर आले ते अपेक्षेने आले असले तरी माझ्या पोटाला तेवढीच विश्रांती मिळाली. पैसे देणारी ग्राहक म्हणून मात्र हा हिशेब डोळ्यांसमोर असावा.

आता तक्रार. दुसऱ्या भेटीला काउंटरवरच्या मुलाने ‘काकू, वीस सिटिंगचे पॅकेज घ्या, तीन हजार वाचतील’ असे सांगितले. पैसे आगाऊ, मधेच सोडल्यास परत नाहीत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१२मध्ये दिलेली शिफारस मी वाचली होती : जुनाट ताणाच्या डोकेदुखीसाठी पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त दहा सिटिंगचा विचार करावा. मी दहाच घेईन आणि प्रत्येक वेळी पैसे देईन असे सांगितले, तर त्या मुलाचा चेहरा पडला. मॅडमनी मात्र ते एका वाक्यात मान्य केले. रुग्णाला दुसऱ्याच भेटीत वीस सिटिंगला बांधून घेण्याची ही पद्धत मला पटत नाही, आणि सहाव्या सिटिंगपर्यंत वहीत काहीच फरक दिसला नाही तर थांबण्याची मोकळीक प्रत्येकाने स्वतःकडे ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे.

याहून गंभीर प्रकार सहाव्या सिटिंगला घडला. त्या दिवशी गर्दी होती आणि सुया मॅडमनी घातल्या तरी काढल्या मदतनीस मुलीने. रिक्षात बसल्यावर डोक्यात काहीतरी टोचत होते. अंबाड्याची पिन सरकली असेल म्हणून हात घातला, तर चिमटीत आली ती सुई, टाळूवरची, केसांत लपलेली. रक्त नव्हते, दुखापत नव्हती, पण कर्वे रस्त्यावरच्या खड्ड्यांतून रिक्षा उसळत असताना डोक्यात सुई घेऊन मी प्रवास करत होते ही कल्पना नंतर बराच वेळ अंगावर काटा आणत राहिली. वापरलेली सुई रस्त्यावर टाकणे योग्य नव्हते, म्हणून ती चष्म्याच्या डबीत ठेवून मी तशीच परत गेले. मॅडमनी कारणे दिली नाहीत, माफी मागितली, त्या सिटिंगचे पैसे परत केले आणि त्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाच्या कागदावर घातलेल्या आणि काढलेल्या सुयांचे आकडे लिहायला सुरुवात केली. हे पहिल्या दिवसापासून असायला हवे होते. कुठल्याही केंद्रात जा, सुया घालताना मोजा आणि काढताना पुन्हा मोजा. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

खर्च असा : पहिली तपासणी ५०० रुपये आणि प्रत्येक सिटिंग ७०० रुपये, म्हणजे परत मिळालेले ७०० वजा जाता एकूण ६,८०० रुपये, शिवाय रिक्षा. सुयांना विजेचा मंद प्रवाह जोडण्याचे २०० रुपये वेगळे होते. ते मी दोनदा केले आणि वेगळा फरक न जाणवल्याने सोडून दिले. माझ्या विम्यातून यातले काहीही मिळाले नाही.

ज्यांची डोकेदुखी अचानक, कधी नव्हे इतकी तीव्र उठली आहे, जिच्याबरोबर ताप आणि मान ताठणे किंवा हातापायातली शक्ती जाणे आहे, किंवा पन्नाशीनंतर जी पहिल्यांदाच सुरू झाली आहे, त्यांनी सुयांकडे नव्हे तर तातडीने डॉक्टरांकडे जावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ते आधी सांगावे, गरोदरपणात तर सांगावेच, कारण हे-गूसारखे काही बिंदू तेव्हा टाळतात. पेसमेकर असेल तर विजेची जोड नको. खांद्यावरच्या सुया कोणाही नवख्या हातून घेऊ नयेत, कारण तिथे खाली फुप्फुसाचे वरचे टोक असते आणि क्वचित का होईना, खोल गेलेल्या सुईने फुप्फुसाला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि रिकाम्या पोटी जाऊ नये. बसून सुया घेताना भोवळ येऊ शकते. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या एका तरुणाला ती आली होती आणि त्याला आडवे करून पाय उंच ठेवावे लागले.

फेब्रुवारीत वहीतला आकडा १०वर गेल्यापासून मी महिन्यातून एकदा जाते. पॅकेज अजूनही घेतलेले नाही. काउंटरवरचा मुलगा आता विचारत नाही, आणि मदतनीस मुलगी टाळूवरची सुई सर्वांत आधी काढते, मोठ्याने ‘एक’ म्हणत. मी टॉवेलवर कपाळ टेकवून तेरापर्यंत तिच्याबरोबर मोजते.